सत्काराचा नारळ

सत्कारात मिळालेला नारळ मी घरी आणत नाही. शाल आणतो, कारण ती बायको पुढं कुणाला तरी देऊन टाकते. नारळ मात्र हातात पडला की मी तो टेबलावर ठेवतो आणि उठताना विसरल्याचं सोंग करतो. एखादा उत्साही कार्यकर्ता मागून पळत येतोच, "सर, सर, श्रीफळ राहिलं!" मग मी त्याला म्हणतो, तुमच्या घरी न्या, चटणी करा. लोकांना वाटतं, माणूस विज्ञानवाला, शिवाय बौद्ध, ह्याला नारळबिरळ चालत नसेल. मीही तसंच वाटू देतो. खरं कारण सांगायची मला लाज वाटते, आणि ती लाज वयाबरोबर कमी होईल अशी जी आशा होती ती साफ खोटी ठरली.

मी पदार्थविज्ञानातला, त्यातही सैद्धांतिक. म्हणजे प्रयोगशाळेत माझं काही काम नाही. कागद, पेन्सिल आणि खोडरबर एवढीच माझी अवजारं. उमेदीची सगळी वर्षं मी क्वार्कच्या मॉडेलांवर घालवली. अणूच्या पोटात केंद्रक, केंद्रकात प्रोटॉन-न्यूट्रॉन, आणि त्यांच्याही पोटात क्वार्क, ही उतरंड आता शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. तेव्हा तसं नव्हतं. सत्तरच्या दशकात एक नवा जड कण सापडला. तो एका जड क्वार्कची आणि त्याच्या प्रतिक्वार्कची जोडी आहे असं मानलं की त्याचं वागणं उलगडायला लागायचं, आणि आमच्यासारख्या तरुणांची नुसती चंगळ झाली. त्या दोघांमधलं बळ कसं असेल याचा अंदाज बांधायचा, तो समीकरणात घालायचा, त्यातून कणांची वस्तुमानं काढायची आणि परदेशातल्या प्रयोगवाल्यांच्या आकड्यांशी ताडून बघायची. जुळली तर छाती फुगवायची. नाही जुळली तर अंदाज जरा वाकवायचा आणि पुन्हा बसायचं. आमचं प्रत्येक काम 'समजा' या शब्दानं सुरू व्हायचं. समजा, बळ असं आहे. समजा, क्वार्क इतका जड आहे. त्याबद्दल आम्हाला कुणी कधी टोकलं नाही.

आता गावाकडं. माझं गाव येरमाळ्याहून आत, चालत गेलं तर घामाघूम करणाऱ्या अंतरावर. आई मी कळता व्हायच्या आधीच गेली. वडील, म्हणजे आबा, दुसऱ्याच्या रानात राबायचे. बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या वस्तीनं धम्म घेतला, आणि आबांनी घरातले देव टोपलीत भरून ओढ्याला नेऊन सोडले. त्या दिवसापासून अंगारा, कोंबडं, नारळ, सगळं आमच्या उंबऱ्याबाहेर. पाणी कुठं लागेल हे बघायला आमच्या भागात पाणाड्या बोलावतात. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून फिरतो, आणि जिथं नारळ आपोआप उभा राहतो तिथं खाली पाणी आहे असं सांगतो. आबा त्याला बघून भर रस्त्यात हसायचे. "आरं, बोटानं रेटतोय त्यो," असं मोठ्यानं म्हणायचे. मला शास्त्राची गोडी कुणी लावली असं कुणी विचारलं, तर मी आबांच्या त्या हसण्याचं नाव घेतो.

आणि अक्का. माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनं चौथीतून शाळा सोडली, कारण घरात पाणी कोण आणणार? लग्न झालं, नवरा लवकर वारला, ती परत आली आणि पुन्हा तोच हंडा डोक्यावर. माझं शिक्षण तिच्या डोक्यावरच्या चुंबळीवर उभं आहे असं मी भाषणात म्हणतो तेव्हा लोक टाळ्या वाजवतात. अक्काला असली वाक्यं आवडत नाहीत. "टाळ्या घे तू, हंडा म्या उचलते," असं ती एकदा तोंडावर म्हणाली होती.

हंड्याची गोष्ट साधी होती. आमच्या वस्तीला स्वतःचं पाणी नव्हतं. गावात बारमाही विहीर एक, आणि तिच्यावर आमच्या बायकांनी बाजूला उभं राहायचं. कायद्यानं हे केव्हाच बंद झालं होतं. कायदा तालुक्याला, कळंबपर्यंत आला होता, पुढची एस. टी. त्याला मिळाली नसावी. कुणाला दया आली की तो वरून पोहरा ओतायचा, नाही आली तर ऊन डोक्यावर येईपर्यंत थांबायचं. बहात्तरच्या दुष्काळात अक्का दिवसभर खडी फोडून आल्यावरही तिथं उभी राहायची. पुढं मी शहरात गेलो, नळाखाली हात धरायला शिकलो आणि हळूहळू हे सगळं विसरायलाही शिकलो.

ऐंशीनंतर पावसानं पुन्हा तोंड फिरवलं. विहीर तळाला गेली. अक्कानं वस्तीतल्या बायका गोळा केल्या आणि रिकामे हंडे घेऊन कळंबच्या कचेरीवर जाऊन बसली. तिथल्या साहेबानं हात जोडले की शिव्या दिल्या ते ती कधी नीट सांगत नाही, पण गावाला एक बोर आणि हापसा मंजूर झाला. जागा मात्र गावानं एकमतानं ठरवावी असं सांगितलं. गावात एकमत! वस्तीचं म्हणणं, मोर्चा आम्ही काढला, बोर आमच्या दारात पाहिजे. गावाचं म्हणणं, सोसायटीच्या गोदामापाशी मारा, सगळ्यांना सोयीचं. सगळे म्हणजे कोण, हे कुणी विचारायचं नाही.

नेमका त्याच सुमारास मी परदेशातल्या एका परिषदेत निबंध वाचून परत आलो आणि जिल्ह्याच्या पेपरात चार ओळी छापून आल्या. 'अणूच्या पोटात शिरणारा आपला भूमिपुत्र', असलं काहीतरी. गावानं सत्कार ठरवला. डॉक्टरेट मिळाल्यापासून गाव मला डाक्टर म्हणायचंच. एक म्हातारी तर मला पाठीतली कळ दाखवून गेली होती.

सत्कार सोसायटीच्या गोदामात होता. खताच्या पोत्यांची थप्पी मागं सारून ताडपत्री अंथरली होती, आणि युरियाच्या वासानं डोळे चुरचुरत होते. गाव आत बसलं होतं, आमची माणसं दारापाशी, आणि अक्का इतर बायकांबरोबर बाहेरून खिडकीला लागून उभी होती. आबांना मात्र सोसायटीच्या चेअरमननं स्वतः हाताला धरून पुढं आणून बसवलं. चेअरमन म्हणजे गावातला मोठा बागायतदार, आवाज जाड, चाल त्याहून जाड. पण माणूस दुष्ट नव्हता. सोसायटी त्यानं उभी केली, दूध डेअरी आणली, साखर कारखान्याच्या सभेत तो गावासाठी भांडायचा. त्याचं गाव म्हणजे तेवढंच, वस्ती सोडून, एवढाच काय तो दोष. त्यानं माझ्या डोक्याला फेटा बांधला, अंगावर शाल टाकली आणि हातात नारळ दिला. आबांनी नारळाकडं पाहून मान दुसरीकडं वळवली. मीही तो खाली ठेवणार होतो, पण ठेवायला जागा नव्हती.

मग मला बोलायला सांगितलं. मी बोललो, आणि खोटं कशाला सांगू, चांगलं बोललो. क्वार्क समजावायला मी दाव्याला बांधलेलं वासरू घेतलं. खुंट्याजवळ असलं की ते मोकळं बागडतं, दावं असल्याचं त्याला कळतही नाही. लांब जायला लागलं की दावं ताणतं. तसेच क्वार्क. जवळजवळ असले तर मोकळे, एकमेकांपासून ओढून काढायला गेलं तर सुटका नाही. लोकांना पटलं. पोरं हसली. मग मागून एकानं विचारलं:

"डाक्टर, त्यो क्वार्क दिसतोय का?"

"नाही दिसत."

"भाईर काढून दावता येतोय का?"

"नाही. एकटा कधीच बाहेर येत नाही."

"मग हाय कशावरनं?"

"आम्ही आधी समजतो की आहे," मी म्हणालो. "मग हिशेब करतो. हिशेब जुळतो. म्हणून आहे."

गोदाम हसलं. मीही हसलो. फेट्यात डोकं गरम झालं होतं आणि मला फार बरं वाटत होतं. एवढ्यात चेअरमन उठला.

"हे बघा मंडळी," तो म्हणाला, "बोरवरनं गावात दोन तट पडल्यात. उगं भांडाभांडी कशाला? आज आपल्यात एवढा मोठा शास्त्रज्ञ बसलाय. अणूच्या पोटातलं ज्याला कळतंय त्याला जमिनीच्या पोटातलं कळायचं न्हाय व्हय? डाक्टरनी बोट ठिवावं, तिथं बोर मारू. मग ते कुठं बी निघू द्या. त्याच्यावर कुणी हूं का चूं करायचं न्हाय, ही माझी जबान." आणि माझ्या हाताकडं बघून हसत म्हणाला, "आन् नारळ बी हातात हायच की. लागलं तर फिरा."

सगळे खदखदून हसले. मग गप्प झाले, कारण तो थट्टा करत नव्हता.

मी खिडकीकडं पाहिलं. अक्का गज धरून उभी होती. तिनं डोळे वटारले नाहीत, खूण केली नाही, फक्त मान किंचित, अगदी किंचित डोलावली. पुढं आबा माझ्या हातातल्या नारळाकडं बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर जे होतं ते मला लहानपणापासून पाठ होतं. मी हातात नारळ घेऊन गावातून फिरलो असतो तर आबांनी पुन्हा माझं तोंड पाहिलं नसतं. पण नारळ घेऊन फिरायची गरज कुठं होती? नुसतं तोंडानं सांगायचं होतं. "समजा, आमच्या वस्तीत." बस्स.

मी घसा साफ केला. आणि सभेत बोलतात तसल्या पुस्तकी मराठीत म्हणालो, "हा माझ्या अभ्यासाचा विषय नाही. पुराव्यावाचून मी काहीही सांगू शकत नाही."

"आवं, अंदाजानं सांगा की."

"अंदाजानं सांगणं म्हणजे विज्ञान नव्हे."

आत्ता, इतक्या वर्षांनी, हे वाक्य लिहितानाही कान तापतात. अंदाजानं सांगणं म्हणजे विज्ञान नव्हे! अरे शहाण्या, मग तू इतकी वर्षं काय करत होतास? घटकाभरापूर्वी त्याच तोंडानं तू काय सांगितलंस या लोकांना? पण त्या क्षणी मला तसं काही वाटलं नाही. मला वाटलं, मी सत्याला जागलो. चेअरमन माझ्याजवळ सरकला. "परत इचारतो, डाक्टर," तो हळू आवाजात म्हणाला. "तुमच्या मनाला येईल ती जागा सांगा." मी नारळ खाली, पोत्याच्या कडेला ठेवला आणि नकारार्थी मान हलवली. आबांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी वाजवल्या म्हणून दारातल्या आमच्या माणसांनीही वाजवल्या. मी खिडकीकडं पाहिलं तेव्हा तिथं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीचा पाणाड्या आला. गोदामापासून हाकेच्या अंतरावर त्याचा नारळ टुणकन उभा राहिला. बोरची गाडी आली, धुरळा उडाला, आणि दुपारी खरंच पाणी लागलं. गुलाल उधळला गेला. आबा घरात बसून राहिले. "त्यो न् त्याचा नारळ, लागलं योगायोगानं," एवढंच म्हणाले, पण हसले नाहीत.

अक्का माझ्याशी बोलली नाही. भाकरी वाढायची, पाणी द्यायची, ते पाणी कुठून आणलं ते सांगायची नाही. मी निघालो तेव्हा मात्र माझी पिशवी तिनंच उचलली आणि येरमाळ्यापर्यंत चालत आली. बस यायची होती. रस्त्याकडेच्या हॉटेलात आम्ही चहा घेतला. मीच विषय काढला. म्हणालो, अक्का, मला खरंच ठाऊक नव्हतं गं. खोटं कसं सांगू?

तिनं कप खाली आदळला.

"खोटं? तुला पाणी कुठं हाय असं कोण इचारत व्हतं रं? पाणी कुणाला पायजे असं इचारलं व्हतं. चेअरमन आदल्या दिशी माज्याकडं आला व्हता. म्हणला, बोर वस्तीत द्यायला माझी ना न्हाय, पर म्या सांगितलं तर माजीच मानसं मला खात्याल. तुझ्या भावाच्या तोंडातनं येऊ दे. शास्त्रज्ञ म्हणल्यावर कुणी बोलायचं न्हाय."

"मग मला आधी का सांगितलं नाहीस?"

"आधी सांगितलं असतं तर तू आधीच न्हाय म्हणला असतास. मला वाटलं, ऐन वक्ताला तरी तुला कळंल. माजा भाऊ हाय, हुशार हाय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "जे कुणाला दिसत न्हाय, काढून दावता येत न्हाय, ते हाय म्हणून तू छातीठोक सांगितलंस. सगळ्या गावापुढं. आन् आमच्या पाण्याला तेवढा तुला पुरावा लागला व्हय?"

बस आली. मी चढलो. ती खाली उभी राहून हात न हलवता बघत होती. बार्शीपर्यंत मी खिडकीत तोंड घालून बसलो, आणि शेजारचा माणूस काय झालं म्हणून विचारायला लागला तेव्हा डोळ्यात काहीतरी गेलं असं सांगितलं.

शहरात, संशोधन संस्थेत परत आलो, कामाला लागलो. पण 'समजा' लिहिताना पेन्सिल अडखळायला लागली. त्या काळातच माझ्या मॉडेलनं एका कणाचं जे वस्तुमान सांगितलं होतं ते प्रयोगात चांगलंच चुकलेलं निघालं. मी काय केलं? बळाचा एक आकडा थोडा बदलला, पुन्हा गणित केलं, नवा निबंध लिहिला. कुणी मला खोटारडा म्हणालं नाही. उलट परदेशातल्या एका मोठ्या माणसानं पाठ थोपटली. तिथं चुकण्याची मुभा होती, चुकून पुन्हा मांडण्याची मुभा होती. आणि घरच्या माणसांसाठी मी एकदाही चुकायला तयार झालो नव्हतो. रात्रंदिवस हेच डोक्यात. बायकोला सांगायचं धाडस झालं नाही.

गोदामाच्या हापशावर पहिले काही दिवस सगळ्यांनी पाणी भरलं म्हणे. मग आधी गाव, नंतर वस्ती, असा रिवाज पडला. मग दांडा आमच्या बायकांनी धरायचा नाही, कुणीतरी हापसून देईल, असं झालं. म्हणजे विहिरीवरचं उभं राहणं हापशावर आलं.

अक्का गप्प बसणारी नव्हती. ती पुन्हा कळंबला गेली, मग पुन्हा गेली, आणि शेवटी एका उन्हाळ्यात, जयंतीच्या आसपास, बोरची गाडी आमच्या वस्तीत येऊन उभी राहिली. मी तेव्हा गावीच होतो. जागा अक्कानं ठरवली, विहारासमोरच्या लिंबाखाली. मला विचारलंसुद्धा नाही. मी शेजारी उभा होतो, आणि ती माझ्यावरून नजर फिरवून गाडीवाल्याला म्हणाली, "हितं लाव." बोलायला तोंड कुठं होतं?

गाडीवाल्याचा हट्ट की सुरू करायच्या आधी नारळ फोडायचाच. आबा आता पार थकले होते, काठी टेकत पुढं आले आणि म्हणाले, "आमच्यात न्हाय चालत." बायकांनी विहारात मेणबत्ती लावली, त्रिशरण म्हटलं, आणि मशीन सुरू झालं. अख्खी वस्ती लिंबाभोवती गोळा झाली होती. पहिल्यांदा माती आली, मग मुरूम, मग काळ्या दगडाची करडी भुकटी. ती भुकटी भसाभसा वर यायची आणि बायकांच्या डोक्यावर, पोरांच्या पापण्यांवर बसायची. कुणी हटलं नाही. प्रत्येकीनं घरातून हंडा, कळशी, जे असेल ते आणून ओळीनं मांडून ठेवलं होतं. अक्काचा हंडा सगळ्यात पुढं, चिंचेनं घासून लख्ख केलेला.

एक रॉड गेला, दुसरा गेला. भुकटीच. मध्ये एकदा ती जरा ओलसर वाटली आणि बायका ओरडल्या. पुन्हा कोरडी. दुपार कलली तेव्हा गाडीवाल्यानं मशीन बंद केलं, तोंडावरचं फडकं सोडलं आणि म्हणाला, "फेल गेला. खाली नुसता दगड हाय." मग पुटपुटला, "नारळ फोडला असता तर..." आबांनी काठी उगारली, आणि मग ती तशीच खाली घेतली.

आता जे सांगायचं ते.

मशीन थांबलं, सगळीकडं एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत माझा जीव भांड्यात पडला. होय. पुढं वस्तीचे हंडे उपडे पडायच्या बेतात, आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मनात पहिला विचार आला तो हा, की बघा, तेव्हा मी वस्तीत सांगितलं असतं तर काय फजिती झाली असती! मी बरोबर होतो. पाणी नव्हतंच. दोन वर्षं छातीत अडकलेला श्वास मी मोकळा सोडला, आणि तो इतका मोकळा सुटला की ते माझ्या तोंडावर दिसलं असणार. कारण अक्का नेमकी तेव्हाच माझ्याकडं बघत होती.

मला वाटलं, आता ही सगळ्यांदेखत माझ्या तोंडात मारणार. मारली असती तर बरं झालं असतं. ती हळूहळू चालत जवळ आली. केसांत, भुवयांत भुकटी, ती एकदम म्हातारी झाल्यासारखी. ती माझ्या तोंडाकडं निरखून बघत राहिली, आणि मग तिचा आवाज अगदी मऊ झाला. लहानपणी मी तापानं फणफणलो की ती ज्या आवाजात बोलायची, तसा.

"तुला ठाऊक व्हतं," ती म्हणाली.

मी खाली तिच्या लख्ख हंड्याकडं पाहिलं.

"तुझ्या तोंडावरनंच कळलं आता. आमच्या दारात पाणी न्हाय, हे तुला तवाच कळलं व्हतं. पर चारचौघात सांगून आमची मान खाली घालायची न्हाय म्हणून तू गप बसलास. आन् म्या, तुझी सक्की बहीण, तुला येरमाळ्याच्या हॉटेलात बसून काय काय बोलले." तिचे डोळे भरून आले. "व्हय न्हवं? म्हणूनच बोलला न्हाईस न्हवं?"

बायका ऐकत होत्या. आबा ऐकत होते. एक शब्द सांगायचा होता. नाही अक्का, मला तेव्हाही काही ठाऊक नव्हतं आणि आत्ताही नाही. मी फक्त घाबरलो होतो, माझ्या डॉक्टरकीला डाग लागेल म्हणून घाबरलो होतो. एवढंच. माझ्याजवळ या वेळी पुरावाही होता, माझं स्वतःचं मन.

"व्हय," मी म्हणालो.

अख्ख्या वस्तीच्या पाण्यासाठी ज्या तोंडातून एक अंदाज निघाला नव्हता, त्याच तोंडातून माझ्या इज्जतीसाठी धडधडीत खोटं निघालं, आणि तेही किती सहज, आमच्या घरच्या बोलीत. अक्कानं भुकटीनं माखलेला हात माझ्या गालावरून फिरवला. मग बायकांकडं वळून, गाडीवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "सांगत व्हते का न्हाय? माजा भाऊ कवा खोटं बोलत न्हाय."

आणि तिनं रिकामा हंडा उचलून काखेत घेतला. तिच्यामागं एकेक बाई आपापला हंडा उचलून गोदामाच्या हापशाकडं निघाली.